मुलांना घेऊन मे महिन्यात भंडारदरा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात भंडारदऱ्याला निघालोय असं सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "आत्ता काय आहे तिथे? पावसाळ्यात जा." पावसाळ्यातला भंडारदरा देखणा असतो, वाद नाही. पण लहान मुलं सोबत असली की त्यातला निम्मा वेळ गाडीच्या काचेतून धुकं बघण्यात आणि उरलेला ओले मोजे वाळवण्यात जातो. उन्हाळ्यात कळसूबाईपासून रतनगडापर्यंतचे डोंगर स्वच्छ दिसतात, सांदण दरीत उतरता येतं, करवंदं पिकलेली असतात आणि महिना सरता सरता काजवे येतात. अडचण एकच: ऊन. त्यावर उपाय म्हणजे दिवसाच्या दोन पाळ्या करायच्या. सकाळपाळी पहाटे पाच ते दहा, संध्याकाळपाळी साडेचार ते रात्री दहा. मधल्या वेळात जेवायचं, झोपायचं, पत्ते खेळायचे. हे एकदा घरात सगळ्यांनी, म्हणजे "आलोच आहोत तर तेही बघून घेऊ" म्हणणाऱ्या काकांनीसुद्धा, मान्य केलं की बाकीचं सोपं आहे.

आधी तारीख

काजवे बघायचे असतील तर मेचा शेवटचा आठवडा ते जूनच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की काजव्यांना बहर येतो, आणि मोसमी पाऊस धो धो सुरू झाला की खेळ आटोपतो. त्यामुळे नेमकी तारीख कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याच्यावर फार विसंबू नका. मुक्कामाच्या घरी फोन करून "सर पडली का, काजवे दिसायला लागले का" एवढं विचारा.

दुसरी अट अंधाराची, आणि इथे भिंतीवरचं कॅलेंडर कामाला येतं. या दिवसांत संकष्टीला चंद्रोदय रात्री दहाच्या पुढेमागे होतो. त्यानंतर तो रोज आणखी उशिरा. म्हणजे संकष्टीपासून अमावास्येपर्यंत, आणि अमावास्येनंतर तृतीयेपर्यंत, आठ ते साडेनऊ या काजव्यांच्या वेळेत आकाशात चंद्र नसतो, असलीच तर बारीक कोर असते. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर चांदणं छान मिळेल, काजवे फिके दिसतील. एवढं जमवलं की शनिवार-रविवार टाळा. काजव्यांच्या दिवसांत शनिवारी रात्री तिथल्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांची अशी रांग लागते की काजव्यांपेक्षा ब्रेकचे लाल दिवेच जास्त दिसतात. मुलांना सुट्टी आहेच. मोठ्यांनी मंगळवार-बुधवारची रजा काढावी.

काजव्यांचा आग्रह नसेल तर मेचा पहिला पंधरवडा उत्तम. गर्दी कमी, राहायला जागा सहज, आणि करवंदांचा हंगाम.

पोचणं आणि मुक्काम

भंडारदरा अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर. मुंबई-ठाण्याहून कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, आणि घोटीहून उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी. शेंडी म्हणजे धरणाच्या कुशीतलं बाजाराचं गाव. हॉटेलं, दुकानं, चहा सगळं इथे. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. स्वतःची गाडी नसेल तर रेल्वेनं इगतपुरीला उतरून घोटी गाठायचं आणि तिथून एसटी किंवा जीप पकडायची. मात्र जलाशयाभोवतीच्या गावांत फिरायला गाडी लागतेच, ती शेंडीत ठरवा.

घोटीत किंवा अकोले गावात टाकी भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा. पुढच्या गावांत मोबाइलचं नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, आणि नसलं की ऑनलाइन पैशांचंही तेच. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर माणसांचं आणि गाडीचं प्रवेशशुल्क भरावं लागतं. पावती परत फिरेपर्यंत सांभाळा.

राहण्याचे तीन पर्याय: शेंडीतलं हॉटेल, काठावरचे तंबू, किंवा गावातलं घर. तंबूची फोटोत मोठी शान असते. प्रत्यक्षात मे महिन्याच्या दुपारी तंबूत बसणं म्हणजे शिक्षा, आणि काही ठिकाणी रात्री स्पीकर लावतात ते वेगळंच. तंबूच हवा असेल तर संध्याकाळी पाचनंतर पोचा, स्पीकर बंद असतो का हे आधी विचारा, आणि एकट्या झाडाखालचा किंवा पाण्याच्या अगदी कडेचा तंबू नाकारा. चार-पाच वर्षांचं मूल किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर मी डोळे झाकून गावातलं घर घेईन. जाड भिंती, पुढे पडवी, अंगणात खाट. जेवायला नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात-आमटी. "मावशी, मुलांसाठी बिनतिखटाचं" हे सकाळीच सांगून ठेवा, आयत्या वेळी नाही.

पाण्याचं तेवढं भान ठेवा. समोर धरण दिसतं म्हणून नळ सोडून ठेवू नका. मे महिन्यात या काठावरच्या कितीतरी वाड्यांवर विहिरी तळाला जातात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण इथे तंतोतंत लागू आहे. एका बादलीत आंघोळ आटपते.

पिशवी भरताना

सुती, पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे. कान झाकणारी टोपी. प्रत्येकाची वेगळी पाण्याची बाटली. मुलाची बाटली मुलानेच उचलायची, म्हणजे ते पितंही. बूट नवे नकोत, पायाला सरावलेले हवेत, आणि तळाला खाचा असलेले. उन्हाळ्यात इथली घसरण पाण्याची नसते. वाळलेलं गवत आणि भुरभुरीत माती यांची असते, आणि उतरताना ती जास्त सतावते. सांदणीसाठी भिजले तरी चालतील असे पट्ट्याचे सँडल वेगळे घ्या. हातात धरायच्या बॅटरीपेक्षा डोक्याला बांधायची बॅटरी बरी, कारण कळसूबाईच्या शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. ओआरएसची पाकिटं, गूळ-शेंगदाणे, एखादा सुती पंचा, नेहमीची औषधं, आणि काजव्यांच्या रात्रीसाठी लाल जिलेटिन कागदाचा तुकडा. तो कशाला, ते पुढे येईल.

पहिली संध्याकाळ: धरण आणि काठ

दुपारपर्यंत पोचून जेवून झोपा. साडेचारला बाहेर पडा. भंडारदऱ्याच्या धरणाचं, म्हणजे विल्सन धरणाचं, काम १९१० साली सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालं. दगडी बांधकामाचं हे धरण खालून बघताना मुलांना त्याची उंची कळते. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल मात्र मे महिन्यात दिसेलच असं नाही. तो धरणातून पाणी सोडल्यावरच वाहतो, आणि पाणी सुटतं ते शेतीच्या आवर्तनावर, म्हणजे शेतीला पाणी सोडायच्या ठरलेल्या पाळीवर. राजूरच्या वाटेवरच्या रंधा धबधब्याचंही असंच. शेंडीत उतरल्यावर चहाच्या टपरीवर "आवर्तन चालू आहे का?" एवढं विचारलंत की उत्तर मिळतं. आवर्तन चालू असेल तर धबधबे बघायचे, पण धरणाखाली नदीच्या पात्रात अजिबात उतरायचं नाही. पाणी कमीजास्त होतं आणि त्याची वर्दी तुम्हाला मिळणार नाही.

जलाशयात बोटीतून फेरी मारता येते. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मुलाच्या मापाचं आणि नीट बांधलेलं मिळालं तरच बसा. मोठ्याचं जॅकेट मुलाच्या अंगात घातलं की पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. पोहण्याचा बेत मात्र नको. उन्हाळ्यात पाणी मागे हटलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या काठावर वरून वाळलेला, आतून ओला गाळ असतो. पुढे तळ एकदम खोल जातो. काठावरच्या गवतात खेळा, पाण्यावरून चपटे दगड उडवा. त्यात मुलांचा तासभर सहज जातो.

दुसरा दिवस: जलाशयाला फेरी

शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी असा जलाशयाभोवती रस्ता फिरतो. तो एका दमात दोन-तीन तासांत उरकणारे पुष्कळ आहेत. तसं केलंत तर हाती फक्त वळणं आणि उलट्या लागतील. त्याला अख्खा दिवस द्या.

पहाटे साडेपाचला निघून आधी रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ सकाळीच बघावं, कारण अनवाणी फिरायचं असतं आणि उन्हं चढल्यावर तिथली फरशी पाय टेकू देत नाही. काळ्या दगडातलं हे शिलाहारकालीन शिवमंदिर बाहेरून खालपासून शिखरापर्यंत कोरलेलं आहे. मुलांना "बघा किती सुंदर" म्हणून काही होत नाही. हत्ती शोधा, वाजवणारी माणसं शोधा, सगळ्यात विचित्र तोंडाचा प्राणी शोधा, असं सांगा. जवळच पुष्करणी आहे. तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांत मूर्ती आहेत, त्या मोजायला लावा. मागे उभा तो रतनगड, प्रवरेचा उगम तिथला.

सातच्या सुमारास साम्रद. इथून सांदण दरी. जमिनीला पडलेली ही भेग आहे: दोन्ही बाजूंना शेकडो फूट सरळ भिंती, मध्ये कुठे कुठे जेमतेम काही पावलांची जागा, आणि तळाला मोठमोठ्या शिळा. बाहेर ऊन तापत असताना आत गारवा असतो. गावातला वाटाड्या घ्याच. तो रोज दरीत उतरतो, त्यामुळे पाणी कुठे किती आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि हात धरायला एक जाणता माणूस वाढतो. मुलांसह जायचं ते पहिल्या पाण्यापर्यंत, फार तर पाणी उथळ असेल तर त्याच्या पलीकडे थोडं. मेमध्येही ते पाणी अंगावर काटा आणणारं गार असतं. त्यापुढे दोराचं काम सुरू होतं, ते या सहलीत नाही. शिळांवरून उतरताना मुलानं तोंड दगडाकडे करून, बसून, पाय टेकवत उतरावं; उभ्यानं उड्या नकोत. परतीची चढण लक्षात घेऊन साडेनऊला मागे फिरा.

एक गोष्ट मात्र ताणू नका. रतनगडाच्या किंवा घाटमाथ्याच्या बाजूला ढग दाटलेले असतील, लांबवर गडगडत असेल, वाटाड्या नको म्हणत असेल, तर सांदण रद्द. वरच्या पठारावर पडलेल्या पावसाला उतरायला हीच एक वाट आहे, आणि भिंतींमुळे तुम्हाला बाजूला व्हायला जागा नाही.

जेवण साम्रदमध्येच, आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं. जेवून पडवीत आडवे व्हा. साडेचारला घाटघरच्या कोकणकड्यावर. इथे सह्याद्री एकदम संपतो आणि खाली कोकण सुरू होतं. घाटघरचा वीजप्रकल्प मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. एक धरण वर, एक खाली कोकणात. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून जनित्रं फिरवायची, मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपानं परत वर चढवायचं. क्षमता २५० मेगावॉट. "मग फायदा काय?" असं मुलगी विचारेलच, तिला म्हणावं, वीज साठवून ठेवता येत नाही, पाणी येतं. कड्यावर वारा जोरदार असतो आणि सगळीकडे कठडे नाहीत. लहान मुलांचा हात मोठ्यानं धरायचा, मुलानं मोठ्याचा धरलेला पुरत नाही. सेल्फीसाठी कड्याकडे पाठ करून मागे सरकणं सगळ्यांनाच बंद.

काजवे बघायची रीत

मुक्कामाच्या यजमानांना संध्याकाळी लवकर जेवायला वाढायला सांगा आणि आठच्या आत जागेवर पोचा. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, रतनवाडी, कोलटेंभे या सगळ्याच गावांच्या शिवारात काजवे असतात, त्यामुळे एका प्रसिद्ध झाडाखाली गर्दीत घुसायची गरज नाही. यजमानाला विचारा, तो घरामागचं झाड दाखवेल. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही त्यांची आवडती झाडं.

गाडी लांब उभी करून दिवे विझवा. मग दहा मिनिटं काहीच करू नका. डोळे अंधाराला सरावले की आधी एखाद-दुसरा ठिपका दिसतो. मग लक्षात येतं की फांदीच्या फांदी एका तालात उजळतेय आणि विझतेय, आणि शेजारच्या झाडानं तो ताल थोड्या वेळानं उचललाय. हा उजेड नर-मादी एकमेकांना शोधण्यासाठी पाडत असतात. मध्येच कोणी मोबाइलचा दिवा लावला की झाड गप्प होतं. म्हणून तो लाल कागद: चालताना लागलीच तर बॅटरीवर लाल कागद बांधून, प्रकाश पायाशी ठेवून वापरायची. फोटोचा नाद सोडा. साध्या फोनमध्ये काळा चौकोन येतो.

रस्ता किंवा पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही. काजव्यांची अंडी आणि अळ्या जमिनीत, ओल्या पालापाचोळ्यात असतात, तुमच्या पायाखाली पुढच्या वर्षीचे काजवे चिरडले जातात. आणि अंधारात साप-विंचवाचं कारण आहेच. हातावर घेऊन बघायचा मोह मुलांना होतो. येऊन बसला तर बसू द्या, बाटलीत मात्र भरू देऊ नका. डासांचं मलम मुक्कामावरच लावून या. झाडाखाली फवारा मारणं म्हणजे ज्यांना बघायला आलात त्यांच्यावरच औषध मारणं. साडेनऊला परत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं आहे.

चंद्र नसलेल्या रात्री अंगणातल्या खाटेवर पडून आणखी अर्धा तास आकाश बघता येतं. सप्तर्षी वरच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की केशरट स्वाती, आणखी पुढे पांढरी चित्रा. एवढं मुलांना पुरतं.

कळसूबाई कोणी चढावी

१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. त्यामुळे घरातला प्रत्येक जण चढायचं म्हणतो. पायथ्याच्या बारी गावापासून आठशे मीटरच्या वर चढण आहे. नियमित खेळणारं, स्वतःच्या पायांनी तीन-चार तास चालू शकणारं आठ-नऊ वर्षांचं मूल चढतं. त्याहून लहान मुलाला खांद्यावर घेऊन लोखंडी शिड्या चढायच्या नाहीत.

निघायचं पहाटे चारला. वाटेत कातळटप्प्यांवर शिड्या लावलेल्या आहेत, कठडे आहेत. शिडीवर क्रम असा: मोठा माणूस, मूल, मोठा माणूस. दोन हात आणि एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा पाय हलवायचा नाही. पहाटे गार असलेलं तेच लोखंड दहाच्या पुढे हाताला चटके देतं, आणि उतरताना तर ते घट्ट धरावं लागतंच. म्हणून माथ्यावर कितीही छान वाटलं तरी आठपर्यंत उतरायला लागा. साडेसात वाजून गेले आणि शेवटची शिडी अजून लांब असेल, तर तिथूनच फिरा. माकडं दिसली की खाऊ पिशवीत, पिशवी बंद.

चढताना गोष्ट सांगायला हवीच. गावात सांगतात की कळसू नावाची मुलगी इथे कामाला राहिली ती या अटीवर की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एकदा तिला ते काम करायला लावलंच. मग ती डोंगरात निघून गेली ती कायमची. वाटेत जिथे तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि जिथे राहिली ते शिखर. माथ्यावर तिचं छोटं देऊळ आहे. पायथ्याशीही एक देऊळ आहे, ज्यांना चढणं होत नाही ते तिथेच दर्शन घेतात. आजी आणि धाकट्यांची सकाळपाळी तिथपर्यंतच ठेवा.

सगळ्यांचंच मन कळसूबाईला कचरत असेल तर रतनवाडीतून रतनगडाची वाट धरा. निदान खालचा टप्पा झाडीतून जातो, सावली मिळते. जंगल संपून शिड्या सुरू होतात तिथूनही परतलात तरी सकाळ कारणी लागते.

करवंदं

डोंगराच्या उतारावर जाळ्या भरलेल्या असतात. कोंबडा की कोंबडी हा खेळ शहरातल्या मुलांना बहुधा माहीत नसतो: करवंद दातानं फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी, आधी ओळखायचं, मग फोडायचं. काटे आहेत आणि चीक कपड्यावर डाग पाडतो. जाळीच्या आत, बुडाशी हात घालू द्यायचा नाही. अशा सावलीत फुरसं, म्हणजे विषारी साप, बसलेलं असतं. बाहेरच्या फांद्यांवरची पुरेशी होतात. वाटेवर पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं विकणारी मुलं भेटली तर घासाघीस करू नका.

ऊन लागलं तर, वळीव आला तर

मूल एकाएकी चिडचिडं झालं, डोकं दुखतंय म्हणालं, किंवा तीन-चार तासांत लघवीला गेलं नाही, तर थांबा. सावली, ओला पंचा मानेवर आणि काखेत, ओआरएस घोट घोट. अर्ध्या तासात तरतरी आली नाही, उलट्या सुरू झाल्या किंवा मूल असंबद्ध बोलू लागलं, तर वाट बघू नका. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८.

वळीव बहुतेक दुपारनंतर येतो. वारा एकदम पडतो, मग उलट्या बाजूनं धूळ उडवत येतो. गडगडाट ऐकू आला की कडा, माथा, शिडी, पाण्याचा काठ आणि एकटं झाड यांपासून दूर, पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.

परतीचा दिवस रविवार असेल तर नाश्ता करून लगेच निघा, कारण दुपारनंतर कसारा घाटात गाड्या साचतात. पुण्याकडे जाणाऱ्यांना तेवढी घाई नाही. राजूरला थांबून पेढे घ्या आणि मग संगमनेरची वाट धरा.